मृत जगांचा फेरफार

ज्या नगरीत नळाला पाणी उद्या येणार की चार दिवसांनी, आले तर पहाटे येणार की ऐन मध्यरात्री, आणि आलेच तर गच्चीवरची टाकी भरेपर्यंत टिकणार की नाही, याविषयीचे तर्क लढविणे हा आबालवृद्धांचा नित्याचा व्यवसाय होऊन बसला आहे, त्या छत्रपती संभाजीनगरातील रहिवाशास जगातील अन्य कोणत्याही अनिश्चित विषयावर भाकीत करताना यत्किंचितही संकोच वाटण्याचे कारण नाही. पाऊस, परीक्षांचे निकाल, अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि भूसंपादनाचा मावेजा या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी माणसे गुलमंडीवर एकामागे एक उभी केली, तर रांग पैठण गेटाच्या पलीकडे जाईल. तथापि अलीकडे या परंपरागत विषयांत एका सर्वस्वी नवीन विषयाची भर पडली असून, तो विषय असा की, जी जगे कधी अस्तित्वातच नव्हती आणि तरीही जी काही वर्षांपूर्वी निवर्तली, त्यांपैकी कोणत्या जगाचे पुनरुज्जीवन होण्याचा संभव अधिक आहे.

हा विषय प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला तो सिडकोच्या एन-आठमध्ये राहणाऱ्या भगिनीच्या घरी. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून, रविवारी दुपारी त्याचे चार मित्र आणि एक मैत्रीण त्यांच्याकडील जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. टेबलावर चौकटी आखलेला कागद, टोके झिजलेल्या पेन्सिली, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे नाना आकारांचे फासे आणि चिवड्याची परात असा सरंजाम मांडला जातो. आणि त्यानंतरचे चार तास ही सहा सज्ञान माणसे, ज्यांच्यापैकी एकालाही आईने सांगितलेली पिठाची गिरणी अद्याप सापडलेली नाही, ती भुयारांतून, अरण्यांतून आणि राक्षसांच्या छावण्यांतून बिनदिक्कत संचार करीत असतात. सहापैकी भाचा निवेदक. तो सांगतो की, तुमच्यासमोर एक दार आहे. मग उरलेले पाच जण ते दार आत उघडते की बाहेर, त्याला कडी आहे की कुलूप, आणि दाराला कान लावला तर काय ऐकू येते, याची तहकीकात अशा चिवटपणे करतात की, तेवढ्या चिवटपणे यांनी एखादा विषय अभ्यासला असता तर भगिनीस नवस बोलावा लागला नसता.

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास हा खेळ समजण्यास वेळ लागत नाही. प्रत्येक खेळाडूजवळ एक छापील पत्रक असते. त्यावर त्याने धारण केलेल्या पात्राचे नाव, जात (येथे जात म्हणजे मानव, बुटका अथवा लांब कानांचा वनवासी), बळ, बुद्धी, अंगावरील चिलखत, झोळीतील दोर, मशाली व रोकड यांची नोंद असते. या नोंदीत निवेदकाच्या संमतीविना खाडाखोड चालत नाही. आणि जी वस्तू पत्रकावर नाही ती जवळ नाही असेच गृहीत धरले जाते, मग ती मागील रविवारी सर्वांसमक्ष मोल देऊन घेतलेली का असेना. पत्रक हाती घेताच मला आपल्या खात्यात आल्यासारखे वाटले.

“मामा, डार्क सन परत येणार बघा या वर्षी,” भाचा म्हणाला.

“कोण आहेत हे? आणि गेले कुठे होते?” मी विचारले.

त्यावर त्या सहाही जणांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा निवृत्तीनंतर मला कार्यालयातही पाहावयास मिळाली आहे. मग मला सर्व हकीकत सांगण्यात आली. मध्येच भगिनीने स्वयंपाकघरातून, घरात फासे नकोत, फाशांनी पांडवांचे काय झाले ते ठाऊक आहे ना, अशी आपली कायमची हरकत नोंदविली. भाच्याजवळ उत्तर तयार होते. वेरूळ येथून तासाभराच्या वाटेवर आहे आणि तेथील लेण्यांत साक्षात शिवपार्वती सारीपाट मांडून बसलेले कोरले आहेत, तेही एकाच नव्हे तर चांगल्या तीन-चार लेण्यांत. वर देव डावात गुंतलेले आणि खाली गणांनी बिचाऱ्या नंदीची चेष्टा चालविलेली, असे ते शिल्प असल्याचे त्याने सांगितले. हा पुरावा बिनतोड होता. परंतु भगिनी म्हणाली, “ते देव आहेत. त्यांचे बॅकलॉग राहिलेले नाहीत.”

हकीकत येणेप्रमाणे. सन १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात, लेक जिनिव्हा नामक लहानशा गावी, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन गृहस्थांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीचे एक हजार संच निघाले. आरंभी खेळाचा सारा व्यवहार तळघरातला होता. आत शिरावे, असुर मारावे, द्रव्य घेऊन बाहेर यावे. परंतु द्रव्य घेऊन बाहेर आलेल्या माणसाला प्रथम लागते ते गाव. गाव म्हटले की शीव आली, शीव म्हटली की शेजारचे गाव आले, आणि शेजारचे गाव आले की तंटा आला. तस्मात् तळघराभोवती गाव, गावाभोवती राज्य आणि राज्याभोवती संपूर्ण पृथ्वी रचणे त्या मंडळींस भाग पडले. ग्रेहॉक हे जग १९८० साली स्वतंत्र ग्रंथरूपाने छापले गेले. त्यामागून ड्रॅगनलान्स १९८४ मध्ये, फरगॉटन रेल्म्स १९८७ मध्ये, तारकामंडळांतून गलबते हाकणारे स्पेलजॅमर १९८९ मध्ये, धुक्याने वेढलेले भुताटकीचे रेव्हनलॉफ्ट १९९० मध्ये, डार्क सन १९९१ मध्ये, प्लेनस्केप १९९४ मध्ये आणि बर्थराइट १९९५ मध्ये, अशी जगांची रीघच लागली. एका ब्रह्मदेवास जे काम युगानुयुगे पुरते, ते गायगॅक्स यांच्या कंपनीच्या कारकुनांनी पंधरा वर्षांत हातावेगळे केले.

आणि येथेच घात झाला. टीएसआर या नावाने चालणारी ती कंपनी पुढे बुडीत गेली, याची कारणे जाणकार अनेक सांगतात. परंतु त्यांतील एक कारण असे की, जगे वाढली तरी खेळणारे तेवढेच राहिले, आणि एका जगात रमलेला खेळाडू दुसऱ्या जगाचे पुस्तक विकत घेईना. मुंबई इलाख्यात १९४७ साली जो तुकडेबंदीचा कायदा झाला, त्याचे मर्म लेक जिनिव्हाच्या मंडळींस कोणी समजावून सांगितले असते तर हा प्रसंग ओढवला नसता. वीस एकरांचे आठ पोटहिस्से पाडले की, प्रत्येक पोटहिस्स्यावर बांध, विहिरीचा वाटा आणि वहिवाटीचा रस्ता यांतच इतकी जमीन जाते की पेरायला जागा उरत नाही, हे आपल्याकडील कोणताही तलाठी सांगेल. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने सर्व जगे एकरकमी खरेदी केली आणि १९९९ मध्ये त्या कंपनीसच हॅस्ब्रो नामक खेळण्यांच्या बड्या कारखानदाराने विकत घेतले. त्या दिवसापासून ही सारी जगे एकाच मालकाच्या दप्तरी पडून आहेत. त्यांतील कोणती कसावयाची आणि कोणती पडीक ठेवावयाची हे मालक ठरवितो, आणि मालकाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधीत जगभरचे खेळाडू, चावडीपुढे बसलेल्या कुळांसारखे, बसून राहतात.

प्रस्तुत लेखकाने या प्रकरणाचा निवाडा महसुली दृष्टीने करावयाचे ठरविले. पुनरुज्जीवनास कोणते जग गुणांनी पात्र आहे हा प्रश्न फजूल आहे. गुणावरून जमीन मिळाल्याचे उदाहरण माझ्या संपूर्ण नोकरीत माझ्या नजरेस आलेले नाही. पाहावयाचे ते इतकेच की, वहिवाट कोणाची, वारस कोण, आणि तक्रार करण्याची चिकाटी कोणापाशी अधिक.

ग्रेहॉकची गोष्ट घ्या. ते जग निर्माण केले गायगॅक्स यांनी. १९८६ च्या सुमारास त्यांना आपलीच कंपनी सोडावी लागली, आणि जग मात्र कंपनीच्या नावे राहिले. मूळ मालक बेदखल आणि जमीन भोगवटादाराकडे, असा हा मामला. या स्वरूपाची प्रकरणे मराठवाड्यात इतकी आहेत की, ती ऐकताना माझा हात आपोआप जुन्या खासरा पत्रकाकडे वळतो. गायगॅक्स २००८ साली वारले. खेळाच्या पन्नासाव्या वर्षी, २०२४ मध्ये, निवेदकांसाठी जो नवीन मार्गदर्शक ग्रंथ निघाला त्यात नमुन्याचे जग म्हणून ग्रेहॉकच घेण्यात आले. कब्जा गेला, मालक गेला, पण नाव लागले. आमच्याकडे यालाच न्याय म्हणतात.

ड्रॅगनलान्सच्या बाबतीत तर प्रत्यक्ष दिवाणी दावाच झाला. त्या जगाच्या कादंबऱ्या लिहिणारे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी २०२० च्या ऑक्टोबरात, नवीन कादंबऱ्यांचा करार कंपनीने मोडला म्हणून फिर्याद गुदरली, आणि डिसेंबरात ती मागे घेतली. पुढे कादंबऱ्याही निघाल्या आणि २०२२ मध्ये त्या जगाचा खेळही पुन्हा छापून आला. दोन-अडीच महिन्यांत दावा निकालात निघाला, हे ऐकून आमच्या शेजारी राहणारे एक वयोवृद्ध वकील खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांच्या मते ही हकीकत खेळातील राक्षसांपेक्षाही अविश्वसनीय आहे.

फरगॉटन रेल्म्सविषयी कोणी तर्क करीत नाही, कारण त्याची वहिवाट अखंड आहे. ते कधी मेलेच नाही. नित्य घरात असणाऱ्या मुलाचे कौतुक होत नसते.

यानंतर येते प्लेनस्केप. या जगाच्या मध्यभागी सिजिल नावाची नगरी असून ती दारांची नगरी म्हणून विख्यात आहे. तेथील कोणतीही कमान, कोणतीही चौकट, एखाद्या पडक्या भिंतीतील खिंडार देखील दुसऱ्या विश्वात नेणारे दार असू शकते, मात्र ते उघडण्याची किल्ली जवळ हवी, आणि ती किल्ली म्हणजे एखादे पीस, एखादा शब्द किंवा मनातील एखादा विचारही असू शकतो. हे वर्णन भाच्याने मोठ्या आवेशाने वाचून दाखविले. परंतु बावन्न दरवाज्यांच्या शहरात जन्म गेलेल्या माणसावर त्याचा व्हावा तसा परिणाम झाला नाही. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेली ही खडकी. तिचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. आवृत्त्या बदलल्या, मुखपृष्ठे बदलली, दरवाजे मात्र, जे पाडले गेले ते वगळता, जागच्या जागी आहेत. त्याच अंबराच्या काळचा भडकल दरवाजा आपल्या भव्य कमानीखालून आजही वाटसरूंची ये-जा निमूटपणे पाहतो. पैठण गेटाभोवती कापडाचा बाजार असा दाटला आहे की, ऐन दिवाळीत त्या कमानीखालून पलीकडे गेलेला मनुष्य कोणत्या विश्वात बाहेर पडेल याची हमी सिजिलच्या स्वामिनीसही देता येणार नाही. मकाई दरवाज्याच्या अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन वाहनांपैकी मागे कोण हटणार, याची किल्लीही एखादा शब्दच असतो. तो येथे छापण्यासारखा नाही. असो. प्लेनस्केप २०२३ मध्ये परत आले आणि त्याविषयीची अटकळबाजी संपुष्टात आली.

आता डार्क सन. तरुण मंडळींचा सर्व जीव या एका जगात गुंतलेला आहे, आणि त्याचे वर्णन ऐकल्यावर मला त्याचे कारण उमगले. त्या जगाचे नाव ऍथास. तेथे समुद्र आटून धुळीचा झालेला. सूर्य तांबडा आणि असह्य. धातू दुर्मीळ म्हणून नाणी भाजलेल्या मातीची. जादूगार मंत्र म्हणतात तेव्हा भोवतालच्या वनस्पतींचा प्राण शोषला जाऊन त्यांची राख होते. अशा मंत्रांच्या अतिरेकानेच ते जग वाळवंट झाले, आणि ज्यांनी ते वाळवंट केले तेच आता तटबंदीच्या नगरांत राजे होऊन बसले आहेत. प्रवासास निघताना प्रत्येकाने पाणी किती घेतले याचा हिशेब पत्रकावर ठेवावा लागतो. मृत्यूचे प्रमाण तेथे एवढे की, जुन्या नियमांत खेळाडूने एक सोडून चार पात्रे तयार ठेवावीत असा सल्ला आहे.

“काय कल्पना आहे ना, मामा?” भाच्याने विचारले.

मी त्यास म्हणालो, अरे, यात कल्पना कोणती? हा वैशाख आहे. टँकरच्या मागे कळशी घेऊन धावणारी बाई, आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणारे पोर, आणि सगळा ऊस जेथे उभा आहे तेथेच सगळे धरण आटले कसे याची चौकशी करणारी समिती, एवढे तुमच्या ऍथासमध्ये घातले की, ते जग भूगोलाच्या पुस्तकात समाविष्ट करता येईल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीच्या स्वागतास फलाटावर माणसे जमली होती. एवढा प्रसंग डार्क सनच्या कोणत्या पुस्तकात आहे, ते दाखव. भाचा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने पाण्याची आगगाडी हे शब्द आपल्या वहीत टिपून घेतले. पुढील रविवारी ती लुटली जाणार, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ताडले.

डार्क सनला २०१० मध्ये एकदा उजाळा मिळाला होता. परंतु त्यातील गुलामगिरीच्या चित्रणामुळे आजचा मालक त्यास हात लावण्यास कचरतो, असे खेळाडूंत बोलले जाते. माझा कौल असा की, हे जग परत येईल, कारण त्याचे दावेदार सर्वांत अधिक ओरडणारे आहेत. मात्र ते परत आल्यावर खेळण्यास त्या दावेदारांना वेळ मिळेल, असे मला वाटत नाही. ज्या जगाच्या पुनरुज्जीवनासाठी मनुष्य वीस वर्षे झुरतो, ते जग तो पंधराव्या वर्षी खेळलेला असतो; आणि आता त्याच्या रविवारी घराचा हप्ता, सासऱ्यांचा दवाखाना आणि मुलाची शिकवणी असते. त्याला पुस्तक हवे असते ते फडताळात उभे करण्यासाठी. मालकही हे जाणतो. म्हणून पुठ्ठा जाड घालतो.

आता परदेशच्या जगांचे एवढे पुराण झाल्यावर, आपल्या पंचक्रोशीतील जगांनी कोणते पातक केले आहे, हा प्रश्न विचारणे मला प्राप्त होते. आमच्या पैठणच्या दप्तरी एक दावा या सर्वांहून जुना पडून आहे. सातवाहन राजाच्या पदरी असलेला गुणाढ्य पंडित पैजेत हरून तीन भाषा सोडतो, वनात जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहून राजाकडे पाठवितो. भाषा पैशाची आणि शाई रक्ताची, या दोन तांत्रिक त्रुटी दाखवून राजा हस्तलिखित साभार परत करतो. तेव्हा गुणाढ्य वनात अग्नी पेटवून बसतो. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवितो आणि अग्नीत टाकतो. ऐकता ऐकता हरणे चरणे विसरतात, डोळ्यांत पाणी आणून उभी राहतात आणि वाळत जातात. इकडे राजाच्या पानात येणारे मांस कोरडे पडते, राजास अपचन होते, वैद्य आचाऱ्यास, आचारी पारध्यास जबाबदार धरतो, आणि शेवटी पारध्याच्या जबानीवरून राजा वनात पोचतो तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेलेले असतात. उरलेल्या एका लक्षावर समाधान मानावे लागते. नाकारलेल्या हस्तलिखिताची योग्यता मुदपाकखान्यातून उघडकीस आल्याचे जगाच्या वाङ्मयेतिहासातील हे एकमेव उदाहरण असावे.

पुढे तेही एक लक्ष गहाळ झाले. आज हाती आहेत त्या नकला: सोमदेवाचा अकराव्या शतकातील कथासरित्सागर, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी, बुधस्वामीचा श्लोकसंग्रह. परंतु याच नकलांतून वेताळ बाहेर पडला, आणि तो थेट ‘चांदोबा’ मासिकाच्या पानावर, शंकर यांनी रेखाटलेल्या विक्रमाच्या खांद्यावर येऊन बसला. तो वेताळ म्हणजे या रविवारच्या मंडळींचा आद्य निवेदकच होय, हे त्यांना सांगितल्यावर ती चकित झाली. नियम पाहा: वेताळ कथा सांगतो, अखेरीस प्रश्न टाकतो, उत्तर ठाऊक असून न दिल्यास डोके फुटून शंभर शकले होतात, दिल्यास मौन भंगते आणि प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे जिंकले तरी आरंभापासून सुरुवात, आणि हरले तर पत्रक फाडून टाकायचे. इतका निर्दय आणि इतका आकर्षक नियम लेक जिनिव्हाला सुचला नाही. तथापि बृहत्कथेचे पुनरुज्जीवन होणार नाही, असे मी त्याच क्षणी जाहीर केले, कारण मूळ दस्त नाही आणि वारस इतके की नोटीस कोणावर बजवावी याचाच उलगडा होत नाही.

तळघरच पाहिजे असेल तर देवगिरी काय वाईट आहे? शहरापासून पंधरा किलोमीटरवर, उभा कातळ तासून काढलेला, भोवती खंदक, खंदकावर एक अरुंद वाट, आणि त्या वाटेने आत शिरले की जिला अंधारी म्हणतात ती काळोखी, वळणावळणांची, वटवाघळांच्या वासाने भरलेली भुयारी वाट. शत्रूस चकविणाऱ्या पायऱ्या, खंदकाकडे नेणारी फसवी फट आणि वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत लोटण्याची तजवीज, एवढे सारे साहित्य यादवांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी आयते करून ठेवले आहे. आणि एवढ्या दुर्भेद्य किल्ल्याचा निकाल कशाने लागला? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, रामदेवराव किल्ल्यात शिरला, घाईघाईने धान्याच्या म्हणून आत नेलेल्या गोण्या सोडून पाहिल्या तो त्यांत मीठ निघाले, असे तवारिखांत नमूद आहे. ही हकीकत मी सांगताच टेबलाभोवतीच्या पाचही खेळाडूंनी, एकमेकांकडे न बघता, आपापली पत्रके खाली पाहून तपासली.

पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानीच दिल्लीहून येथे आणली. ऐन डावात निवेदकाने सर्व खेळाडूंस टेबलासकट दुसऱ्या घरी जाण्यास फर्माविल्याचा हा इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग. काही वर्षांनी त्याने सर्वांना परत जाण्याची मुभा दिली. खेळ मोडला, पण त्याच्या लष्कराबरोबर आला असे मानले जाते तो नान-कलिया मात्र शहरात राहिला, आणि रविवारी दुपारी या टेबलावर एक खेळाडू तो चिवड्याच्या परातीआड लपवून खात असतो, कारण भगिनीचे घर शाकाहारी आहे.

प्रस्तुत लेखकास विचाराल तर या साऱ्या वारसाहक्कात खरा अन्याय झाला आहे तो बर्थराइटवर. त्याचे नावही तरुण मंडळी घेत नाहीत. या जगात खेळाडू राक्षस मारीत हिंडत नाही. तो राजा किंवा जहागीरदार असतो, आणि त्याला तीन-तीन महिन्यांच्या फेऱ्यांनी राज्य चालवावे लागते: कर वसूल करणे, सैन्याचा पगार भागविणे, रस्ते बांधणे, दरबार भरविणे, वकील पाठविणे. एकाच प्रांतात कायद्याची सत्ता एकाची, देवळांची दुसऱ्याची, व्यापाराची तिसऱ्याची आणि जादूच्या उगमांची चौथ्याची असू शकते. हे ऐकताच माझ्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. पाटीलकी एकाकडे, कुलकर्णीपण दुसऱ्याकडे, जोशीपण तिसऱ्याकडे आणि पेठेचे शेटेपण चौथ्याकडे, आणि चौघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे गाव मी जन्मभर पाहिले आहे! त्या जगात राजवंशाच्या रक्तात दैवी सामर्थ्य असून, ते हिरावून घेण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या हृदयात शस्त्र खुपसावे लागते. आपल्याकडे इतक्या दगदगीची आवश्यकता नाही. वारसनोंदीत नाव गाळले की काम भागते.

नियमांच्या ग्रंथाचीही अडचण नाही. यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ रचून ठेवला आहे. त्याच्या एकट्या व्रतखंडात कोणत्या तिथीस कोणी काय करावे याचे इतके विधी आहेत की, ते सर्व पाळणाऱ्या माणसास अन्य कोणतेही साहस करण्यास वर्षात एक दिवस मोकळा सापडू नये. गायगॅक्स यांच्या ग्रंथांतील कोष्टके पाहून दडपून गेलेल्या भाच्यास मी एवढेच म्हणालो की, आपल्या मातीत सातशे वर्षांपूर्वी याहून जाड ग्रंथ झाला आहे. परकीयांना करवसुली आणि जमाबंदी कंटाळवाणी वाटत असावी, म्हणून हॅस्ब्रो हे जग सहसा बाहेर काढणार नाही. ज्यांना ती रोमांचक वाटते असे वाचक मराठी मुलखात किती आहेत, हे त्या कंपनीस कोणी कळविलेलेच नाही.

अखेर माझ्या आग्रहास्तव एका रविवारी निवेदकाची जागा मला देण्यात आली. मी मंडळींस गोदाकाठचे एक गाव दिले आणि त्यात पाच वतनदार भाऊबंद. एकीकडे शत्रूची फौज तीन मजलांवर येऊन ठेपल्याची खबर, दुसरीकडे किल्ल्यात दाणागोटा भरण्याची निकड, अशी जुळवाजुळव मी मोठ्या कौशल्याने केली होती. परंतु पोळ्याचा दिवस जवळ आहे असे मी ओघात बोलून गेलो, आणि पोळ्याला पहिला मान कोणाच्या बैलाचा, हा प्रश्न थोरल्याची भूमिका करणाऱ्याने उपस्थित केला. पुढील दोन तासांत कोणीही तलवार उपसली नाही, कोणी भुयारात उतरले नाही, शत्रूच्या फौजेकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. थोरल्याने वडीलपणाचा आधार घेतला. धाकट्याने आपल्या शाखेस मिळालेली सनद पुढे केली. मधल्याने ती सनद बनावट असल्याचे फासा टाकून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आणि फाशावर एक पडला. यावर त्या एकमेव मुलीने, जी गेले वर्षभर राक्षसांच्या अंगावर बेधडक धावून जात असे, आपले पत्रक शांतपणे फिरवून सर्वांसमोर ठेवले. तिने कुलकर्ण घेतले होते, आणि सर्व दप्तर तिच्या घरी होते. ती म्हणाली की, नक्कल मिळण्यासाठी प्रत्येकाने रीतसर अर्ज करावा.

प्रकरण तहकूब झाले. पुढील रविवारी जातीने हजर राहण्याविषयीचे समन्स सर्वांस बजावण्याचे काम भाच्याकडे सोपविण्यात आले असून, त्याने ते व्हॉट्सॲपवर बजावले आहे. थोरल्याने ते पाहिले, दोन निळ्या खुणा उमटल्या, परंतु पत्त्यात आपला उल्लेख नावानिशी आणि वतनानिशी नाही या सबबीवर त्याने ते स्वीकारण्यास नकार दिला आहे.